सगुणाची पहिली सात पावलं

फार फार वर्षांमागे एका डोंगराच्या पायथ्याशी दोन गावं होती, एक वरचं, एक खालचं. दोन्ही गावांत मिळून पाण्याचा पाट मात्र एकच. उन्हाळ्यात आधी पाणी कुणाला, हे शर्यतीवर ठरायचं. पिंपळापासून पाटाच्या तोंडापर्यंत दोनशे पावलं धावायची. जो आधी पोहोचून आपल्या गावाकडचं पाणी अडवणारी फळी उचलेल, त्याच्या गावाला महिनाभर पाणी. दुसऱ्या गावानं तोवर आभाळाकडे बघत बसायचं.

खालच्या गावाकडून सगुणा धावायची. दोन वर्षं ती हरली होती, दोन्ही वेळा हातभरानं. आईचा वांग्यांचा मळा दोन्ही वर्षी तिच्या डोळ्यांदेखत वाळला. यंदा पाटलांनी बजावलं, "पोरी, ही शेवटची संधी. हरलीस तर पुढच्या साली दुसरा गडी बघू."

मग काय, अख्खं गाव तिच्या मागे लागलं. पहाटे डोंगर चढ, दुपारी वाळूची गोणी घेऊन धाव. सल्ला द्यायला लोकांचं काय जातं? सगुणा बिचारी दमून पाय चोळत बसायची आणि वेग काही मुंगीएवढाही वाढेना.

म्हाताऱ्या कुंभारकाकी हे सगळं बघत होत्या. त्यांनी एक दिवस आपल्या अंगणापासून दूरवर ओली माती पातळ सारवली आणि सगुणाला म्हणाल्या, "धाव बघू यावरून. घोडं कुठं पेंड खातंय ते तरी कळू दे."

सगुणा धावली. काकी कमरेत वाकून एकेक ठसा बघत गेल्या.

"अगं, पुढं तुला वारासुद्धा धरणार नाही. तू हरतेस ती निघतानाच. पहिल्या सात पावलांत टाचा उमटल्यात बघ. लगेच ताठ उभी राहतेस. पुढं झुक, चवड्यांनी जमीन मागं लोट."

सगुणाला रडूच आलं. दोन वर्षं ती भलतंच औषध घेत होती.

दुसऱ्या दिवसापासून चढणीवर फक्त सात पावलं, तीही जीव तोडून. मग काकी एक गळकं गाडगं पाण्यानं भरून ठेवायच्या. ते रिकामं होईपर्यंत सगुणानं सावलीत बसायचं.

पाटील बघायला आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "सात पावलं लग्नात चालायची असतात, काकी. आपली शर्यत दोनशे पावलांची आहे."

काकींनी सगुणाला पुन्हा चढणीवर धाडलं. आठ दिवसांनी पुन्हा माती सारवली, तेव्हा तीनच टाचा उमटल्या. महिन्यानं एकही नाही.

शर्यतीच्या दिवशी ढोल वाजला आणि सगुणा अशी सुटली, की वरच्या गावच्या गड्याला सातव्या पावलापासून तिची पाठच दिसत राहिली. तो पोहोचला तेव्हा फळी तिच्या हातात होती आणि पाणी खळखळत खालच्या गावाकडे निघालं होतं. पाटलांनी आपला फेटा काढून तिच्या डोक्यावर ठेवला. तिची आई तर पाण्याबरोबरच मळ्याकडे पळत सुटली.

वरच्या गावचा गडी मनानं मोठा. काकींच्या पाया पडून म्हणाला, "आम्हाला वरून रोज दिसायचं. त्या गाडग्यानं तुम्ही हिचा वेग मोजत होता ना?"

"नाही रे बाबा," काकी म्हणाल्या. "वेग मातीनं सांगितला. गाडग्यानं मी तिचं बसणं मोजत होते. दमलेल्या पायांना नवं काही शिकता येत नाही."

त्या उन्हाळ्यात मळ्यातलं पहिलं वांगं सगुणानं काकींच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

म्हणून लक्षात ठेवा: घाम गाळण्याआधी चूक नेमकी कुठे आहे ते शोधा, नाहीतर सगळा घाम मातीत जातो.