महाराजांच्या नाकावरच्या फरश्या

“हे माझं नाक आहे की न्हाणीघराची फरशी?” विजयधर महाराज असे गरजले की चिंतोबाच्या हातून माउसच निसटला.

चिंतोबा हा दरबारी प्रोग्रामर. म्हणजे पाटीवर तसं लिहिलं होतं. खरं तर सासऱ्याच्या म्हशी राखणं चुकवायला त्याने ही नोकरी धरली होती. दरबारच्या संगणकावरच्या खेळात महाराज घोड्यावरून दौडत. घोडा, महाराज, किल्ला, सगळे त्रिकोणांचे, आणि त्रिकोणांवर चित्रं चिकटवलेली. लांबून झकास! पण महाराज जवळ आले की चित्र ताणलं जाई आणि रंगाच्या एकेका कणाचा ढळढळीत चौकोन होई.

“मऊ कर!” महाराज म्हणाले.

चिंतोबाने केलं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी आजूबाजूचे चार रंग उचलायचे, मिसळायचे, मग लावायचे. नाक लोण्यासारखं झालं. पण घोडा एक टाप टाकी आणि दुसरी टाकायचं विसरूनच जाई!

“हा दौडतोय की विचार करतोय?”

“महाराज, यंत्रावर चौपट काम पडतंय. रंगकामाला वेगळं कार्ड विकत घेऊन यंत्रात बसवलं तर...”

कार्ड म्हणताच खजिनदारांच्या पोटात दुखू लागलं आणि ते उठून गेले.

“कार्डबिर्ड काही नाही! उद्या नाक मऊ हवं आणि घोडा भरधाव. नाहीतर तू आणि तुझ्या सासऱ्याच्या म्हशी!”

चिंतोबा रडकुंडीला आला. मागच्या खेपेला त्याने म्हशी चरायला नेल्या, तेव्हा म्हशी वेळेवर घरी परतल्या आणि त्याला शोधायला माणसं धाडावी लागली. पुन्हा त्या म्हशींना तोंड कसं दाखवायचं?

घरी पोचला तर अंगणाच्या पार टोकाला बायको, सगुणा, कपडे वाळत घालत होती. निदान हिच्याशी तरी गोड बोलावं म्हणून त्याने हाक दिली, “हे नारिंगी लुगडं नवं वाटतं?”

“नवं? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचं आहे! आणि नारिंगी कुठलं? जरा जवळ येऊन बघा!”

तो जवळ गेला. बारीक चौकडा होता, एक घर तांबडं, एक पिवळं. नारिंगी धागा औषधालाही नव्हता.

“अगं, मग मला नारिंगी कसं दिसलं?”

“लांबून सगळ्यांनाच तसं दिसतं. तुम्ही इतक्या वर्षांत जवळून बघितलंच नाहीत, त्याला मी काय करू?”

चिंतोबा खजील झाला, थबकला, आणि चपला न घालताच दरबाराकडे पळत सुटला!

दुसऱ्या दिवशी पडद्यावर घोडा वाऱ्यासारखा सुटला. नाक जवळ आलं ते अगदी मऊसूत! दरबारी टाळ्या पिटू लागले. पण महाराज उठले आणि पडद्याला डोळे भिडवून बघू लागले.

“लबाडा! इथे नुसते वेगवेगळे ठिपके आहेत. तू रंग मिसळलेच नाहीस!”

“नाही मिसळले, महाराज. रंग उचलायच्या आधी प्रत्येक ठिपका चित्रावर किंचित ढकलला, एक डावीकडे, शेजारचा उजवीकडे, खालचा वर. जिथे जाऊन पडला तिथला एकच रंग उचलला. यंत्राचं काम वाचलं.”

“मग मिसळले कोणी?”

“आपल्या डोळ्यांनी!”

“म्हणजे तू मला कामाला लावलंस?”

चिंतोबाची जीभ काही थांबेना. “काय करणार, महाराज? यंत्र दमलेलं, माझं डोकं तर मुळात चालत नाही. साऱ्या राजवाड्यात नुसतं बघत बसलेलं कोण आहे, तेवढं शोधलं!”

महाराजांच्या मिश्या थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे खदखदून हसले की मुकुट कानावर आला.

“नोकरी तुझी जन्माची पक्की!” त्यांनी गळ्यातला कंठा काढून चिंतोबाच्या गळ्यात घातला. “आणि ही माझ्या डोळ्यांची मजुरी, तूच घे. जपून ठेव हो, मी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी कमावलंय!”