मोहफुलांची परी आणि गप्प सोमारी

फार लांबची गोष्ट नाही बरं का. मोहाच्या रानाला लागून एक चिमुकलं गाव होतं आणि तिथे सोमारी नावाची आठ वर्षांची, काळ्याभोर डोळ्यांची मुलगी राहायची. घरात सगळे गोंडी बोलत, शाळेत मराठी. घरी सोमारीची बडबड थांबता थांबायची नाही, शाळेत मात्र ती ब्रसुद्धा काढायची नाही. कळायचं तिला पुष्कळ. पण बोलायला तोंड उघडलं की मुलं खुदुखुदु हसायची. दिवसभर नुसतं ऐकून बिचारी इतकी दमायची, की संध्याकाळी भाताचा घास हातातच राहून तिला पेंग यायची.

निकोडे गुरुजी वाईट नव्हते हो. तेही थकलेलेच, चार वर्गांना एकटे शिकवायचे. प्रशिक्षणाहून त्यांनी एक रंगीत तक्ता आणला होता. मूल कितव्या वर्षी काय बोलतं, त्याच्या पायऱ्या त्यावर काढल्या होत्या. सोमारी कुठल्याच पायरीवर बसेना.

"सोमवारपर्यंत बोलली नाहीस तर तुला परत अंगणवाडीत बसवावं लागेल गं," गुरुजी शनिवारी म्हणाले. अंगणवाडीत! तिथे तर तिची चार वर्षांची धाकटी बहीण जैनी जायची.

रविवारी उजाडताच सोमारी मोहफुलं वेचायला रानात गेली. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देतात. पण पाल्यात इवले इवले जीव असतात, म्हणून सोमारी आधी हातांनी पाला बाजूला सारायची. त्या दिवशी पाल्यात काहीतरी चमचमलं. बोटाएवढी परी! अंगात मोहफुलाचा पिवळसर घोळदार झगा, पाठीवर दवाने भिजून चिकटलेले सोनेरी पंख. सोमारीने तिला अलगद ओंजळीत घेतलं आणि फुंकर मारून पंख वाळवले.

"वाचवलंस गं पोरी. पेटवला असता पाला, तर संपलेच होते मी," परी गोंडीतच म्हणाली आणि तिने मोठी जांभई दिली. "तीन वर देते. पण नियम आहे. जेवढं नवं मिळेल, तेवढं जुनं जाईल."

"मला शाळेची भाषा दे," सोमारी लगेच म्हणाली.

परीने टिचकी वाजवली. निळे, केशरी, चंदेरी शब्द भिरभिरत आले आणि सोमारीच्या ओठांवर बसले. पळत पळत ती घरी गेली. दारात जैनी उभी होती. ती हसून काहीतरी बोलली, पुन्हा बोलली, सोमारीचा हात ओढू लागली. सोमारीला त्यातलं अक्षरही कळेना. जैनीचा चेहरा रडवेला झाला.

सोमारी धापा टाकत रानात परीकडे परत आली. "माझी बोली मला परत दे. नको मला हे शब्द."

परीने दुसरा वर दिला. रंगीत शब्द भुर्रकन उडून गेले. "आता शेवटचा माग."

सोमारीने तिच्याकडे नीट पाहिलं. परीचे डोळे मिटत होते. "तू किती दमलीस गं," ती म्हणाली. "मला काही नको. तू झोप."

परीने डोळे उघडले. इतक्या वर्षांत तिला असं कोणी म्हटलंच नव्हतं. "वेडे," ती हळूच म्हणाली, "मोहफूल कोणी तोडतं का? झाड हलवतं का? पिकलं की आपण होऊन पडतं. गप्प राहून ऐकणं हीसुद्धा एक पायरीच असते. तुझ्या गुरुजींच्या तक्त्यात ती काढायची राहिली."

सोमवारी आई रानात गेली आणि अंगणवाडी बंद होती, म्हणून सोमारीने जैनीला शाळेत आणलं. आणि जैनीने जे भोकाड पसरलं! गुरुजींनी समजावलं, मग दरडावलं. ती आणखीच किंचाळू लागली. तिचं गोंडी त्यांना कळेना, त्यांचं मराठी तिला.

सोमारी उठली. मुलं हसायच्या तयारीत होतीच. पण बहीण रडत होती.

"गुरुजी, तिच्या पायाला काटा. रुतला आहे," ती म्हणाली. "तुम्ही मोठ्याने नका बोलू. ती घाबरते."

कोणीच हसलं नाही. गुरुजी मटकन जमिनीवर बसले. त्यांनी जैनीचा पाय मांडीवर घेऊन काटा काढला.

"सगळं समजत होतं तर तुला," ते म्हणाले. "चुकलंच माझं. अंगणवाडीचं नाव काढणार नाही आता. बरं, दुखतंय का, हे तुमच्या बोलीत कसं विचारू हिला?"

सोमारीने सांगितलं. गुरुजींची जीभ अशी काही अडखळली, की जैनी रडता रडता हसली. तेवढ्यात खिडकीत लख्ख सोनेरी उजेड पडला. त्या उजेडात तीच इवलीशी परी मोठी जांभई देताना फक्त सोमारीला दिसली. मग उजेड विरला, परीही विरली.

गुरुजींनी पुन्हा म्हणून पाहिलं आणि पुन्हा चुकले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "नाही बुवा जमत."

"घाई नाही, गुरुजी," सोमारी म्हणाली. "आज नुसतं ऐका."