फटफटी सरकेना

एक होतं घर. घरात होतं बीळ. बिळात राहायची उंदरीण. एवढीशी, बोटाएवढी. तिचं नाव टिचकी.

टिचकीची तीन पिल्लं होती. गुलाबी गुलाबी. अंगावर एक केस नाही. थंडीचे दिवस होते, आणि थंडी निफाडची. पाणी प्यायलं की दात वाजायचे. कड कड कड. पण पिल्लं मजेत होती. टिचकीकडे एक फडकं होतं. लाल, लोकरीचं, मऊ मऊ. पिल्लं त्यात गुरफटून झोपायची.

एके सकाळी टिचकीने फडकं बाहेर आणलं. झटक झटक झटकलं. जमिनीवर पसरलं. तेवढ्यात घराचं दार उघडलं.

खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र.

आत आली फटफटी. मागून ढकलत आले दगूतात्या, घराचे मालक. फटफटी बिघडली होती. अंगणात थंडीने बोटं वळत नव्हती. म्हणून फटफटी घरातच दुरुस्त करायची, असं तात्यांनी ठरवलं होतं.

टिचकी टुण्णकन बाजूला झाली. फडकं तिथंच राहिलं. फटफटीचं मोठं चाक नेमकं फडक्यावर आलं. आणि थांबलं. खट्ट.

तात्यांनी ढकललं. चाक हलेना. तात्यांनी ओढलं. चाक हलेना. मग तात्यांनी दार लावलं. खिडकी घट्ट बांधली. गोधडी पांघरली आणि खाटेवर बसले. दुरुस्ती सुरू आहे, असं त्यांचं म्हणणं.

टिचकीने फडक्याचं टोक दातात धरलं. ओढलं. ऊंऽऽऽ. येईना.

बिळातून पिल्लं ओरडली. ची ची ची. गार, गार, गार.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली फटफटीकडे.

“फटफटी गं फटफटी, सरक ना.
फडकं सुटेना,
पिल्लांची थंडी जाईना.”

फटफटी म्हणाली, “मी नाही सरकत.”

“का नाही सरकत?”

“माझी चेन कोरडी. तेल मिळेल, तर मी सरकेन.”

आता तेल म्हणजे कुठलं तेल? या घरात तेल एकच, खोबरेल. तात्यांचं डोकं दुखलं, लावा खोबरेल. दार कुरकुरलं, लावा खोबरेल. फटफटी अडली, लावा खोबरेल. मेकॅनिकने ऐकलं असतं तर पोट धरून हसला असता. पण तात्या मेकॅनिकला विचारतात कुठे? तर खोबरेल तेलाची बाटली होती कोनाड्यात.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली तेलाकडे.

“तेला रे तेला, वितळ ना.
फटफटी सरकेना,
फडकं सुटेना,
पिल्लांची थंडी जाईना.”

तेल म्हणालं, “मी नाही वितळत.”

“का नाही वितळत?”

तेल थंडीने गोठून पांढरं झालं होतं. अगदी दगड. ते म्हणालं, “मला लागते ऊब. ऊन येईल, तर मी वितळेन.”

ऊन कुठे होतं? खिडकीबाहेर. खिडकी होती लाकडाची, आणि लाकडाला होती एक फट. फटीतून उन्हाचं एकच बोट आत आलं होतं. खिडकीखाली बाजरीचं पोतं होतं. टिचकी पोत्यावर चढली. सर्र सर्र सर्र.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली उन्हाकडे.

“उन्हा रे उन्हा, आत ये ना.
तेल वितळेना,
फटफटी सरकेना,
फडकं सुटेना,
पिल्लांची थंडी जाईना.”

ऊन म्हणालं, “मी नाही येत.”

“का नाही येत?”

“फट लहान, मी मोठं. खिडकी उघडेल, तर मी येईन.”

आणि जरा लवकर कर, असंही ऊन म्हणालं. त्याला पुढे द्राक्षांच्या मळ्यात जायचं होतं. ऊन काही दिवसभर एका घरापाशी थांबत नाही.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली खिडकीकडे. लांब नव्हतंच जायचं. दोन पावलं सरकली.

“खिडकी गं खिडकी, उघड ना.
ऊन येईना,
तेल वितळेना,
फटफटी सरकेना,
फडकं सुटेना,
पिल्लांची थंडी जाईना.”

खिडकी म्हणाली, “मी नाही उघडत.”

“का नाही उघडत?”

“माझी कडी तुटली. तात्यांनी मला सुतळीने बांधलंय. तात्या उठतील, तर मी उघडेन.”

टिचकी पोत्यावरून खाली आली. घसर्र. बिळापाशी थांबली. आत डोकावली. पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. ची ची ची. गार, गार, गार. आलेच हं, असं टिचकी म्हणाली आणि निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली तात्यांकडे. तात्यांचं नाक तेवढं गोधडीबाहेर होतं. नाक लाल झालं होतं.

“तात्या हो तात्या, उठा ना.
खिडकी उघडेना,
ऊन येईना,
तेल वितळेना,
फटफटी सरकेना,
फडकं सुटेना,
पिल्लांची थंडी जाईना.”

तात्या म्हणाले, “मी नाही उठत.”

“का नाही उठत?”

“माझे हात गारठले. चहा उकळेल, तर मी उठेन.”

आणि नाकही गोधडीत गेलं.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली चहाकडे. चहा होता स्वयंपाकघरात, पातेल्यात. पाणी घातलेलं, साखर घातलेली, पत्तीसुद्धा घातलेली. पण सगळं गार.

“चहा रे चहा, उकळ ना.
तात्या उठेनात,
खिडकी उघडेना,
ऊन येईना,
तेल वितळेना,
फटफटी सरकेना,
फडकं सुटेना,
पिल्लांची थंडी जाईना.”

चहा म्हणाला, “मी नाही उकळत.”

“का नाही उकळत?”

“माझ्याखाली जाळ नाही. काकू गॅस पेटवतील, तर मी उकळेन.”

काकू म्हणजे मथुराकाकू. तात्यांच्या बायको. त्या पाटावर बसल्या होत्या, हाताची घडी घालून. पुढ्यात आमटीची वाटी होती. वाटीत आमटी नव्हती. वाटीत होते फटफटीचे नट-बोल्ट.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी गेली काकूंकडे.

“काकू हो काकू, गॅस पेटवा ना.
चहा उकळेना,
तात्या उठेनात,
खिडकी उघडेना,
ऊन येईना,
तेल वितळेना,
फटफटी सरकेना,
फडकं सुटेना,
पिल्लांची थंडी जाईना.”

काकू म्हणाल्या, “मी नाही पेटवत.”

“का नाही पेटवत?”

“हे घर आहे की गॅरेज? आधी फटफटी सरकेल, तर मी गॅस पेटवीन.”

टिचकी मटकन खाली बसली.

काकू थांबल्या होत्या फटफटीसाठी. फटफटी थांबली होती तेलासाठी. तेल थांबलं होतं उन्हासाठी. ऊन खिडकीसाठी, खिडकी तात्यांसाठी, तात्या चहासाठी. आणि चहा थांबला होता काकूंसाठी. जिथून निघालो तिथेच परत. आता कुणाकडे जायचं? टिचकीला रडू आलं. ती रडली. खूप रडली.

सगळ्यांना थांबता येत होतं. पिल्लांना थांबता येत नव्हतं.

टिचकीने नाक पुसलं. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. एक जण विचारायचा राहिला होता. कोण बरं? खिडकीला बांधलेली सुतळी.

तुरुतुरु, तुरुतुरु, टिचकी पोत्यावर चढली. सर्र सर्र सर्र. टिचकी गेली सुतळीकडे.

“सुतळी गं सुतळी, सूट ना.
काकू ऐकेनात,
चहा उकळेना,
तात्या उठेनात,
खिडकी उघडेना,
ऊन येईना,
तेल वितळेना,
फटफटी सरकेना,
फडकं सुटेना,
पिल्लांची थंडी जाईना.”

आता सुतळी काय म्हणेल? मी नाही सुटत, असंच म्हणेल ना? तसंच म्हणाली.

सुतळी म्हणाली, “मी नाही सुटत.”

“का नाही सुटत?”

“मला मारलीय गाठ. माझी मला सोडवत नाही.”

“तुला काय मिळेल, तर तू सुटशील?”

सुतळीने विचार केला. असं तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

“मला काही नको,” सुतळी म्हणाली. “तुला दात आहेत. तू कुरतड.”

टिचकीने दात लावले. कुर्र कुर्र कुर्र. सुतळी जाड होती. टिचकीचे दात लहान. कुर्र कुर्र कुर्र. जबडा दुखला. टिचकी जरा थांबली. तिने कान टवकारले. बिळातून आवाज येत होता, पण बारीक. ची. ची. अगदी बारीक. टिचकी घाबरली. तिने परत दात लावले, आणि मग थांबलीच नाही. कुर्र कुर्र कुर्र, कुर्र कुर्र कुर्र, कुर्र कुर्र कुर्र.

टच्.

सुतळी सुटली.

खाड्. खिडकी उघडली.

भस्सकन ऊन आत आलं.

ऊन गेलं कोनाड्यात. तेल वितळलं. आधी कडेचं, मग मधलं. डुचुक डुचुक, डुचुक डुचुक.

ऊन गेलं खाटेवरही. तात्यांनी गोधडीतून तोंड बाहेर काढलं. खिडकी कुणी उघडली, म्हणून ते ओरडणार होते. पण ऊन बसलं त्यांच्या हातांवर. बोटं उघडली. बोटं मिटली. बोटं छान वळायला लागली. तात्या चहाचं विसरले आणि उठले.

तात्यांनी घेतलं तेल. तेल पडलं चेनवर. टप् टप् टप्. चेन हलली. किर्र. चेन फिरली. गिर्र. तात्यांनी ढकललं. हुश्श.

फटफटी सरकली.

फडकं सुटलं.

टिचकी पोत्यावरून खाली आली. घसर्र. तुरुतुरु धावली. फडक्याचं टोक दातात धरलं. तेवढ्यात वरून एक हात आला. मोठा, तेलकट हात. त्या हाताने फडक्याचं दुसरं टोक धरलं. तात्यांना हात पुसायला काहीतरी हवंच होतं. त्यांना वाटलं, बरं सापडलं फडकं.

इकडून तात्या, तिकडून टिचकी. मध्ये लाल फडकं.

एरवी माणसाचा हात दिसला की टिचकी पळायची. आज पळाली नाही. तिने टोक पायाखाली दाबून धरलं.

“तात्या हो तात्या, सोडा ना.
फडकं माझं आहे,
पिल्लांची थंडी जाईना.”

तात्या म्हणाले, “मग मी हात कशाला पुसू?”

फटफटी सरकल्याचा आवाज ऐकून काकू दारात आल्या होत्या. त्यांनी तात्यांकडे बघितलं. टिचकीकडे बघितलं. बिळाकडे बघितलं. ची, असं त्यांनाही ऐकू आलं.

काकू म्हणाल्या, “अहो, तिचं तिला द्या.”

तात्यांनी फडकं सोडलं. हात बनियनला पुसले. नाहीतरी रोज तिथेच पुसतात, असं काकू म्हणाल्या.

मग काय. तात्यांनी फटफटी अंगणात नेली. वाटीतले नट-बोल्ट तिला लावून टाकले. काकूंनी गॅस पेटवला. चहा उकळला. बुडबुड बुडबुड. अंगणात फटफटीही बोलली. फट् फट् फट्. तिला खोबऱ्याचा वास येत होता.

आणि टिचकी? टिचकी फडकं ओढत ओढत बिळात गेली. सर्र सर्र सर्र. फडकं उन्हाने जरा कोमट झालं होतं. तिने एक पिल्लू झाकलं. दुसरं झाकलं. तिसरं झाकलं. मग स्वतःही आत शिरली आणि तिघांना पोटाशी घेतलं.

ची ची थांबलं.

उन्हाला मिळालं घर,
तेलाला मिळाली चेन,
तात्यांना मिळाला चहा,
काकूंना मिळाली वाटी,
टिचकीला मिळालं फडकं,
आणि पिल्लांची थंडी गेली.