आवडा कांडपिणीचे हात

गिरणी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. किती आधीची ते मला विचारू नका. जिनं मला सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं. खाडीकाठच्या भोमखोल गावात तेव्हा आवडा नावाची कांडपीण होती. उखळात भात घालायचं, मुसळानं कांडायचं, तूस पाखडायचं आणि तांदूळ काढायचे, हाच तिचा जन्माचा धंदा. असं म्हणतात, की तिचं मुसळ पहाटे सुरू झालं की गावातले कोंबडे ओशाळून गप्प बसायचे. कोंबड्यांचं सोडा, पण आवडाचे हात कधी थकले नाहीत, हे मात्र खरं.

ती कांडायची खोतांच्या घरी. खोतांचा तोरा केवढा! त्यांच्या पानात पडायचा तो भात मोगऱ्याच्या कळीसारखा पांढरा. त्यासाठी लाल तांदूळ तीनतीनदा सडायचे, वरचा सगळा कोंडा निघून जाईपर्यंत. तो कोंडा आवडाची मजुरी. ती त्याच्या भाकऱ्या थापायची, पेजेत घालायची, आणि तिची नातवंडं गाव डोक्यावर घ्यायची.

खोतांच्या घरात मात्र मूल टिकेना. त्यांची सून सत्यभामा दोनदा बाळंत झाली. पथ्य म्हणून तिला तोच पांढरा मऊ भात, वर तूप, बाकी काही म्हणजे काही नाही. दोन्ही बाळं गुटगुटीत जन्मली आणि दोन्ही तिसऱ्या महिन्यात गेली. जायच्या आधी त्यांचा आवाज गेला. तोंड उघडायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण रडणं ऐकू यायचं नाही. सटवाईनं गळा बांधला, असं लोक म्हणाले. अंगारे झाले, नवस झाले. काही उपयोग झाला नाही.

मग तिसरा मुलगा झाला. आवडा मागच्या पडवीत कांडायची आणि आत पोर रडायचं. तिला त्या रडण्याची सवयच झाली. आषाढात, लावणीच्या दिवसांत, एका दुपारी ते रडणं बारीक झालं. आवडानं मुसळ थांबवलं आणि कान दिला. पोर रडत होतं, पण फाटक्या भात्यातून वारा यावा तसं. दोन महिने नुकते भरले होते.

आवडानं सुपांकडे बघितलं. समोर एका सुपात पांढरे तांदूळ होते, दुसऱ्यात कोंडा. हे सूप आत जातं, ते माझ्या घरी. आतली पोरं मुकी होतात, माझ्या घरची बोंबलतात. आवडा काही वैद्य नव्हती, पण एवढं कळायला वैद्य कशाला हवा?

ती सत्यभामेच्या सासूकडे, मोठ्या खोतिणीकडे गेली.

"मोठ्या बाई, सूनबाईंना कोंड्याची पेज देऊन बघा."

"अगो, शुद्धीवर आहेस ना? खोतांची सून कोंडा खाणार? तो गुरांना घालतात!"

"माझी नातवंडं खातात की."

"तेच म्हणत्ये मी."

आवडा परत आली. दुसऱ्या दिवशी तिनं भात एकदाच कांडलं, नुसतं तूस काढलं आणि मुसळ खाली ठेवलं. लालबुंद तांदूळ आत गेले. खोतीण तणतणत बाहेर आली.

"हात दुखतात ओ बाई," आवडा म्हणाली. "आता परत सडणं व्हायचं नाही."

गावातल्या साऱ्या बायका लावणीला. दुसरी कांडपीण आणायची कुठून? खोतीण चरफडली, पण लाल भात शिजला. घरानं तो खाल्ला, बाळंतिणीनंही खाल्ला. आवडाच्या सुपात मात्र कोंडा पडेना. नातवंडं भाकरी मागायची, ती टाकळ्याची भाजी वाढायची. आणि गावभर झालं, की आवडाचे हात गेले. हे तिला फार लागलं. ज्या हातांचं नाव होतं तेच आता गावाच्या चेष्टेचा विषय झाले. तरी रोज ती भात एकदाच कांडून मुसळ खाली ठेवायची.

आठव्या दिवशी, असं म्हणतात, पोरानं असा टाहो फोडला की खाडीतली तरीची होडी मध्यावरून परत फिरली; तरीवाल्याला वाटलं, काठावरून कुणी हाका मारतंय. सत्यभामा रडली, खोत रडले. आवडा पडवीत उखळाला धरून रडली.

मोठी खोतीण बाहेर आली. तिनं उखळाकडे बघितलं, लाल तांदळांकडे बघितलं, रिकाम्या सुपाकडे बघितलं. बाई तोऱ्याची होती, पण मूर्ख नव्हती.

"आवडे, हात बरे झाले का गो?"

"नाही बाई. ते आता बरे व्हायचे नाहीत."

"नकोतच व्हायला," खोतीण म्हणाली, आणि स्वतःच्या हातांनी लाल तांदूळ तिच्या सुपात ओतले.

आता भोमखोलात पांढरे तांदूळ गिरणीतून पोत्यांनी येतात. तरी कुणाकडे मूल झालं, की पाचवीला घरातली सर्वांत म्हातारी बाई उखळात मूठभर लाल भात एकदाच कांडते, मुसळ खाली ठेवते आणि मोठ्यानं म्हणते, "हात दुखतात ओ बाई!" जमलेल्या बायका म्हणतात, "नकोतच बरे व्हायला!" मग सगळ्याजणी गप्प बसून कान देतात. आतून मूल रडलं, की बाळंतिणीची पेज चुलीवर चढते.