कावळीच्या घराची पाटी

शहरात झाडांपेक्षा विजेचे खांब जास्त झाले, त्या काळातली ही गोष्ट. एका कावळीला घरट्यासाठी काड्याच मिळेनात. मग तिनं हँगर, चार्जरच्या वायरी आणि मोडक्या चष्म्याची दांडी गुंफून घरटं बांधलं. अंडी घालायची वेळ जवळ आली होती.

तेवढ्यात एका शिल्पकारानं ते घरटं उचललं, कलादालनात मांडलं आणि खाली पाटी लावली: ‘बेघर माणूस’.

कावळी खिडकीतून आत शिरली. लोक डोळे बारीक करून घरट्याकडे बघत होते. “केवढी वेदना!” एक गृहस्थ म्हणाले.

कावळीला नवल वाटलं. मान वाकडी करून तिनंही चारही बाजूंनी पाहिलं. “अहो, वेदना कुठाय? ती दांडी तर मी पिल्लांना टेकायला घातली होती.”

“तुला नाही कळायचं,” शिल्पकार म्हणाला. “हे आधुनिक जगणं आहे.”

“ते जगतेय मीच की! घर माझं उचललंस आणि बेघर मात्र माणूस होय रे?” असं म्हणून कावळी घरट्यात जाऊन बसली.

“हाकला तिला!” शिल्पकार ओरडला.

रखवालदार पुढे झाला. घरट्यात पहिलं अंडं दिसताच त्यानं काठी भिंतीला टेकवली.

“साहेब, शिल्पाला कुणी हात लावायचा नाही, हा तुमचाच हुकूम आहे.”