पायी आलेला रोगी

"रोग्याने आपल्या पायांनी गड चढावा! डोलीला मनाई आहे!" असं दरडावून पायथ्याच्या चौकीदाराने हौसाच्या आईची डोली परत फिरवली. आई घोंगडीत थडथड उडत होती. तिला उभंही राहवत नव्हतं, मग गड कुठला चढणार!

ही सगळी दिवाण राघोपंतांच्या सुधारणेची कृपा. त्यांनी गावोगावचे सरकारी वैद्य उचलून गडावर आणले, त्यांच्यासाठी कमानींचा टोलेजंग दवाखाना बांधला आणि औषध फुकट ठेवलं. डोलीला तेवढी बंदी केली, कारण म्हणे लोक डोलीत पडून सोंगं करतात! झालं, ज्याला चढ झेपेना तो खाली कण्हत पडे. आणि जो कसाबसा वर येई त्याला वैद्य म्हणत, "गड चढलास ना? मग तुला काय धाड भरलीय?" थोड्याच दिवसांत दवाखाना ओस पडला, वैद्य सोंगट्या खेळू लागले आणि राज्यातली रोगराई हटली म्हणून दिवाणांचा दरबारात सत्कार झाला.

हौसा लाकडाच्या मोळ्या घेऊन गडावर येणारी पोर. आईला मामाच्या हवाली करून ती तडक दरबारात घुसली.

"म्हाराज, माझी आय हिवतापानं फणफणलीया. वैद्याला खाली धाडा!"

राजा भानाजीने दिवाणांकडे पाहिलं.

"सरकार, रोगी आहेतच कुठे?" दिवाण म्हणाले. "असते तर वर आले नसते का?"

"मढं चालत न्हाई, म्हून कुनी मेलंच न्हाई म्हनायचं का?" हौसा फाडकन म्हणाली.

दरबारात खसखस पिकली. पण आपण ज्याचा सत्कार केला तो चुकला, हे कुठला राजा कबूल करतो? भानाजी हट्टाला पेटला. "पोरी, सूर्य मावळायच्या आत एक रोगी आपल्या पायांनी गड चढवून इथे आण. राजवैद्यांनी नाडी धरून तो आजारी ठरवला, तर सगळे वैद्य आजच खाली पाठवतो. नाही आणलास, तर पुन्हा वैद्याचं नाव काढायचं नाही!"

हौसाने मनाशी हिशेब केला. चालेल तो रोगी नाही, आणि रोगी तो चालणार नाही! तिची नजर दिवाणांच्या गरगरीत पोटावर गेली आणि तिथेच थांबली.

"आनते. पन मागनं म्हनाल, वाटंत कुनी उचललं. साक्षीला पायथ्यापास्नं भरवशाचा मानूस द्या."

"मीच जातो!" दिवाण गरजले. "आणि सरकार, वाटेवर एकही भोई नको. माझेसुद्धा! ही माणसं भोयांना फितवून रोग्याला खांद्यावर घेतील."

"सायेब म्हनतील तसं," हौसा खाली मान घालून म्हणाली.

दिवाण पालखीतून पायथ्याशी उतरले आणि भोयांना त्यांनी चौकीतच डांबलं. झाडाखाली कुडकुडणाऱ्या आईकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हौसाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिने आईची घोंगडी तेवढी नीट केली.

"कुठाय तुझा रोगी?"

"वाटंतच गावंल. चला बिगीबिगी!"

दिवाण चालू लागले. जन्मात ते गादीपासून पाटापर्यंतच काय ते चालले होते. पहिल्या वळणावर त्यांनी पगडी काढली, पुढच्या वळणावर शेला टाकला, मग अंगरख्याचे बंद सोडले. मध्येच भोयांच्या नावाने हाका मारून पाहिल्या, पण ते तर खाली कोंडलेले!

"अगं... जरा हात..."

"हात कसा देऊ, सायेब? तुमचाच नेम हाय!"

शेवटी तटाची भिंत धरून, धापा टाकत दिवाण दरबारात आले आणि गालिच्यावर धाडकन कोसळले. राजवैद्य धावले. नाडी धरताच त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा! नाडी उधळलीय, डोळे फिरलेत! वारा घाला, काढा आणा! यांना उठू देऊ नका!"

राजा गोंधळला. "पण पोरी, तुझा रोगी कुठाय?"

"ह्यो काय, म्हाराज! आपल्या पायांनी आला. कुनी बोट लावलं न्हाई. साक्षीला सोता दिवानसायेब हायेत!"

दिवाण कोपरांवर उठले. "खोटं! मी... ठणठणीत आहे!"

"मग एकडाव खाली जाऊन परत वर या की. पायीच!"

दिवाणांनी दरवाजाकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं आणि पुन्हा सपशेल आडवे झाले. "सरकार, मी आजारी आहे! फार आजारी आहे हो!"

राजा पोट धरधरून हसला. हसता हसता त्याचा मुकुट कानावर आला. "जिंकलीस, पोरी! सगळे वैद्य आजच आपापल्या गावी परत! आता तुला काय हवं ते माग!"

"राजवैद्याला आत्ताच्या आत्ता आयकडं न्यायचंय."

म्हाताऱ्या राजवैद्यांनी उताराच्या धास्तीने गुडघ्यांना हात लावला.

"भिऊ नगा, वैद्यबाबा," हौसा म्हणाली. "दिवानसायबांच्या पालखीत बसा. सायेब आता रोगी हायेत, आनि रोग्याला पालखीची बंदी हाय!"

राजाच्या हसण्याने सदर दणाणली. त्याने हातातली सोन्याची सलकडी काढून हौसाच्या ओंजळीत टाकली आणि डोळे पुसत चौकीतल्या भोयांना सोडवून पालखी वर मागवली.