चालफिरे तेलाची स्तुती

कुणालाही लेख सुधारता येणाऱ्या एका ऑनलाइन आरोग्यकोशातून डॉ. धारप रोज एक ओळ उडवत: 'चालफिरे तेलाने मधुमेहींच्या पायांना फोड येतात.' वर या मालिशच्या तेलाची स्तुती लिहीत आणि दम भरत, "तेलाच्या कंपनीशी माझा संबंध असेल तर सिद्ध करा!"

लेख सांभाळणाऱ्या निवृत्त नर्स शालिनीताईंना कोशाच्या नियमांनुसार कुणाची खासगी माहिती उकरायला बंदी होती. त्यांनी लिहिलं, "डॉक्टर, तुमची स्तुती ठेवू. फक्त नाव दुसऱ्या कंपनीच्या तेलाचं घालू?"

"खबरदार! ते तेल भिकार आहे!" मिनिटात उत्तर आलं.

"दोन्हींत घटक तेच, प्रमाण तेच. बदललं फक्त कंपनीचं नाव, आणि तेवढंच तुम्हाला झोंबलं."

धारप पुन्हा फिरकले नाहीत. फोडांची ओळ जागेवर आहे. ताई हल्ली उठल्याउठल्या लेख तपासत नाहीत. आधी निवांत चहा घेतात.